पऱ्हाटीतील सूक्ष्म तंतू आणि कागदावरील लेप

उलंगवाडी झाली म्हणजे आमच्या वऱ्हाडात शेतोशेतीच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग दिसू लागतात. चुलीस लागेल तेवढी सरपणाकरिता घरी आणावी, चार काड्या कुंपणास लावाव्या आणि उरलेल्या ढिगास आग लावून मोकळे व्हावे, हा आपला शिरस्ता. अशा या पऱ्हाटीस आता मोठे मोल येणार, तिच्यातून ‘नॅनोसेल्युलोज’ नामक द्रव्य निघून ते कागदावरील लेप बळकट करण्याकरिता देशोदेशी जाणार, अशी वार्ता अलीकडे बाजाराच्या दिवशी कानी पडते. तीत खरे किती व खोटे किती, असे संघाच्या कित्येक सभासदांनी विचारल्यावरून हा लेख लिहीत आहे.

या विषयाची चौकशी करण्याचे माझे स्वतःचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. ते आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या गावी आले. तालुक्यातील सर्व पऱ्हाटी खरेदी करणारा नॅनोसेल्युलोजचा कारखाना निघत आहे, त्यास माल देण्याचा हक्क राखावयाचा असल्यास एकरी पाचशे रुपये अनामत भरावी, असे त्यांनी चावडीसमोर बसून समजावून दिले. त्यांजपाशी चित्रे होती, काचेच्या कुपीत दह्यासारखा पांढरा पदार्थ होता, आणि वाणी गोड होती. गावातील अकरा जणांनी अनामत भरली. त्यांत मीही दहा एकरांचे पाच हजार रुपये भरले. सारी नोकरी महसूल खात्यात दुसऱ्यांच्या पावत्या तपासण्यात गेली. परंतु हाती आलेल्या पावतीवर ना शिक्का आहे ना पत्ता, हे मला पैसे देऊन झाल्यावर दिसले. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांचा फोनही लागेना.

पैसे गेले ते गेले. तथापि कुपीतील पदार्थ खरोखर काय होता, हे जाणल्याशिवाय मनाची रुखरुख जाईना. म्हणून मिळेल ते वाचले, जाणत्यांस विचारले, आणि शेवटी आकडे मांडून पाहिले. तेव्हा कळून आले की, ते द्रव्य खरे होते, त्याचे गुणही बव्हंशी खरे होते. खोटा होता तो हिशेब. हे दोन्ही वाचकांपुढे ठेवतो.

कागदाचा स्वभाव

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा पाण्यात लगदा करून, तो चाळणीवर पसरून, दाबून वाळविलेला पातळ थर होय. तंतू एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये असंख्य पोकळ्या राहतात. या पोकळ्यांतून पाणी, तेल, वाफ व हवा सहज शिरतात. शिवाय तंतूंचे मूळ द्रव्यच पाण्याचे लोभी. ओल मिळाली की ते फुगतात व त्यांची परस्परांतील पकड सुटते. म्हणून कोरडा कागद कितीही मजबूत असला तरी ओला झाला की हातात लगदा येतो.

यावर लेप देण्याची युक्ती फार जुनी आहे. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद एके काळी प्रसिद्ध होता. हातकागदावर पिठाची खळ देत, आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने तो घोटीत. खळीने पोकळ्या बुजत, घोटल्याने पृष्ठभाग आवळला जाई, आणि बोरूची शाई न फुटता अक्षर टिके. जुन्या दफ्तराचे रुमाल सोडण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल त्यांनी असे कागद पाहिले असतील. कसर लागली तर खळीच्या लोभाने लागते, तीही खुणेची गोष्ट. खळीतील स्टार्च हा हजारो सारखे कण साखळीसारखे जोडून निसर्गाने बनविलेला पदार्थ आहे. अशा साखळीद्रव्यांस शास्त्रज्ञ पॉलिमर म्हणतात. तेव्हा पॉलिमरचा लेप कागदास देणे ही आपल्याकडील जुनीच चाल आहे. नाव मात्र नवे.

आज कागदाकडून पूर्वीपेक्षा फार अधिक अपेक्षा आहे. संत्रा, द्राक्षे, डाळिंब यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या शीतगृहाच्या दमट हवेत रचाव्या लागतात. हवेतील ओल खूप वाढली म्हणजे पुठ्ठ्याची पेटी आपले भार सोसण्याचे बळ जवळजवळ निम्मे गमावते. मग खालची थप्पी बसते आणि फळ चिरडते. हा तोटा बागवानाच्या पदरी कसा पडतो हे वरूड-मोर्शीकडील वाचकांस सांगावयास नको. चहाचे कागदी पेले, तेलकट खाऊचे पुडे, बियाण्यांच्या पिशव्या यांनाही ओल व तेल अडविणारा लेप लागतो.

हे काम बहुधा पॉलिथिनचा पातळ थर देऊन साधले जाते. तो ओल उत्तम अडवितो. परंतु कागद व पॉलिथिन एकदा चिकटले की गिरणीत त्यांस वेगळे करून पुन्हा लगदा करणे जिकिरीचे होते आणि उकिरड्यावर ते कुजतही नाही. खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनी २०२० साली असे दाखविले की, प्लास्टिकचे अस्तर असलेल्या कागदी पेल्यात गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले, तर १०० मिलिलिटर पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० अतिसूक्ष्म कण उतरतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. तेव्हापासून पॉलिथिनऐवजी कुजणाऱ्या लेपांचा शोध अधिकच नेटाने चालला आहे.

असे लेप नाहीत असे नव्हे. मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च आहे. कोळंबीच्या कवचापासून निघणारे कायटोसान आहे. पाण्यात विरघळणारे व योग्य जंतू मिळाल्यास कुजणारे पॉलिव्हिनिल अल्कोहोल आहे. परंतु यांतील प्रत्येकाचे काही ना काही उणे. स्टार्चचा लेप वाळला की ठिसूळ होतो व घडीवर तडकतो. ओल लागली की मऊ पडतो. या अशक्त लेपांना आतून आधार देण्याकरिता नॅनोसेल्युलोजचा उपयोग होतो.

हे द्रव्य कोणते?

अन्सेल्म पेयां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीतून एक द्रव्य वेगळे करून दाखविले, तेच सेल्युलोज. कापसाच्या रुईत ते शेकडा ९० हून अधिक असते. पऱ्हाटीत व उसाच्या चिपाडात शेकडा ४० च्या आसपास. बाकीच्या भागात लिग्निन, म्हणजे काष्ठास कठीणपणा देणारे चिकट द्रव्य, व हेमिसेल्युलोज ही मुख्य होत.

सेल्युलोजची रचना दोरखंडासारखी आहे. सुताचे पीळ मिळून दोरी, दोऱ्या मिळून दोर, तसे सेल्युलोजचे अतिबारीक धागे मिळून जाड धागे होतात, आणि त्यांचे जुडगे म्हणजे डोळ्यांस दिसणारा तंतू. हा दोर उलट उकलीत शेवटच्या बारीक धाग्यापर्यंत गेले म्हणजे जे हाती लागते ते नॅनोसेल्युलोज. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कापसाचा एक तंतू सुमारे १५,००० नॅनोमीटर जाड धरला, आणि उकललेला धागा १० नॅनोमीटरचा धरला, तर त्या एका तंतूच्या रुंदीवर असे दीड हजार धागे शेजारी शेजारी बसतील.

याचे दोन प्रकार प्रमुख आहेत. एकात लांब, लवचिक व एकमेकांत गुंतणारे धागे असतात. त्यांस नॅनोतंतू म्हणतात. दुसऱ्यात आखूड, ताठ, तांदळाच्या कणीसारखे दाणे असतात, ते नॅनोस्फटिक. या स्फटिकाचा ताठपणा पोलादाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, आणि वजन पाहावे तर तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या एक-पंचमांश. वाऱ्यात झुकणारी पऱ्हाटी मोडत का नाही, याचे मर्म यातच आहे.

ते काढण्याची रीत

प्रथम पऱ्हाटीची साल व माती काढून तिचे बारीक तुकडे करतात. मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवून लिग्निन सोडवितात आणि विरंजन करून पांढरा लगदा घेतात. येथपर्यंतचे काम कोणत्याही कागदगिरणीत होते तेच आहे. पुढे वाटा फुटतात.

पहिली वाट आम्लाची. स्वीडनमधील बेंग्ट रान्बी यांनी १९४९ च्या सुमारास तीव्र गंधकाम्लाने सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण वेगळे केले. शेकडा ६४ च्या आसपास तीव्रतेचे आम्ल, सुमारे ४५ अंश उष्णता आणि पाऊण तासाच्या आतबाहेरचा वेळ, असे प्रमाण आजही प्रयोगशाळांत चालते. आम्ल मऊ भाग खाऊन टाकते आणि ताठ स्फटिक शिल्लक राहतात. दुसरी वाट दाबाची व घर्षणाची. अमेरिकेत टर्बाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध एकजीव करण्याच्या यंत्रातून लगदा फार मोठ्या दाबाने वारंवार दवडला, तेव्हा त्याचे दाट खिरीसारखे रूप झाले. त्यांचे लेखन १९८३ साली प्रसिद्ध झाले. दगडी जात्यासारख्या दोन चकत्यांमधून लगदा भरडूनही हेच साधते. या वाटेस वीज फार लागे, म्हणून बरीच वर्षे ती मागे पडली. पुढे तोक्यो विद्यापीठातील अकिरा इसोगाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पो नामक रसायनाने (मालवाहू गाडीशी त्याचा संबंध नाही) लगद्यावर आधी संस्कार केला असता धागे थोड्या श्रमात सुटतात असे दाखविले. या कार्याबद्दल त्यांस २०१५ चे मार्कुस वालेनबेरी पारितोषिक मिळाले.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या परीक्षणाकरिता स्थापन झालेली प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभारण्यात आला. त्याची क्षमता आठ तासांच्या पाळीस सुमारे १० किलोची. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे हिशेबात लागेल.

लेपात ते काय काम करते?

हे समजण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. कुडाच्या भिंतीकडे पाहिले तरी पुरे. नुसत्या मातीचा गिलावा वाळला की भेगाळतो. त्याच मातीत कुटार व शेण कालविले म्हणजे भेग पडू लागताच आडवी काडी तिला धरून ठेवते, आणि गिलावा वर्षानुवर्षे टिकतो. कुटाराचे प्रमाण थोडेच. परंतु ते सर्वत्र सारखे मिसळले पाहिजे. स्टार्चच्या किंवा पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या लेपात नॅनोसेल्युलोज नेमके कुटाराचे काम करते. धागे बारीक असल्यामुळे थोड्या वजनात त्यांचा पृष्ठभाग फार मोठा असतो, आणि त्यांच्या अंगावरील रासायनिक हात आजूबाजूच्या साखळीद्रव्याला व खालच्या कागदाच्या तंतूंना धरतात. त्यामुळे ओढ बसली असता भार एका ठिकाणी न पडता सर्व जाळ्यात वाटला जातो, आणि लेप तडकत नाही.

दुसरे काम बांधाचे. उतारावरील पाणी सरळ धावले तर लवकर निघून जाते. आडवे समपातळी बांध घातले म्हणजे त्यास वळणे घेत जावे लागते. लेपातून आरपार जाऊ पाहणाऱ्या हवेच्या व तेलाच्या कणांस हे धागे असेच आडवे येतात. वाट लांबली की गती मंदावते. कोरड्या हवेत प्राणवायू व तेल अडविण्याचा या धाग्यांचा गुण विशेष आहे. तेलकट पदार्थ खवट होऊ नये म्हणून याचा उपयोग मोठा.

प्रमाण किती? लेपातील कोरड्या द्रव्याच्या शेकडा १ पासून १० पर्यंत, असे बहुधा ठेवतात. अधिक घातल्याने अधिक बळ येते असे समजू नये. प्रमाण वाढले की धागे एकमेकांस बिलगून गोळे होतात. जेथे गोळा तेथे लेप कच्चा. शिवाय लेपाचे पाणी इतके दाट होते की ते यंत्रावर सारखे पसरत नाही. भाजीतील मिठासारखीच याची गोष्ट आहे.

कोठे अपुरे पडते?

त्या गृहस्थांनी सांगितले की हे द्रव्य लावलेला कागद पाण्यात बुडविला तरी भिजत नाही. हे खरे नव्हे. नॅनोसेल्युलोज हे शेवटी सेल्युलोजच. पाण्याचा लोभ त्याने सोडलेला नाही. हवेत ओल वाढली की त्याचे जाळे फुगते आणि हवा अडविण्याचा गुणही उणावतो. म्हणून ओलीकरिता त्यावर मेणाचा, लाखेचा किंवा तत्सम जलरोधक द्रव्याचा दुसरा थर द्यावा लागतो, अथवा धाग्यांवर रासायनिक संस्कार करावा लागतो. तसेच पॉलिथिनशी त्याचे नैसर्गिक सख्य नाही. तेलात पाणी कालवावे तसा प्रकार होतो.

दुसरी अडचण वाहतुकीची. तयार झालेल्या खिरीत कोरडे द्रव्य शेकडा दोन-तीनच असते. शेकडा दोन धरले तर एक किलो द्रव्यासाठी पन्नास किलो खीर, म्हणजे एकोणपन्नास किलो पाणी वाहावे लागेल. वाळवून न्यावे म्हटले तर वाळताना धागे एकमेकांस असे चिकटतात की पुन्हा पाण्यात पूर्ण सुटत नाहीत. वाळण्याचे खास उपाय आहेत, पण ते खर्चाचे. यास्तव हे द्रव्य कागदगिरणीच्या दाराशी तयार व्हावे हेच सोयीचे.

तिसरी अडचण आपल्या गावच्या दृष्टीने सर्वांत मोठी. कॉस्टिक, विरंजनाची द्रव्ये व गंधकाम्ल धुऊन काढण्यास पाणी पुष्कळ लागते, आणि ते धुवण कोठे तरी सोडावेच लागते. ते शुद्ध केल्यावाचून नाल्यात गेले, तर नाल्याकाठच्या विहिरींचे काय होईल हे सांगावयास नको. गावच्या शिवारात असा कारखाना मागण्यापूर्वी या एका गोष्टीचा विचार दहादा करावा.

जमाखर्च

आता आकडे मांडू. हिशेब ढोबळ आहे, पण प्रत्येकास पडताळून पाहता येईल असा आहे.

कागदावर दर चौरस मीटरला ६ ग्रॅम लेप दिला आणि त्यात नॅनोसेल्युलोज शेकडा ५ ठेवले, तर दर चौरस मीटरला ते ०.३ ग्रॅम लागेल. म्हणजे एक किलो द्रव्य ३,३३३ चौरस मीटर कागदास पुरेल. एक टन पऱ्हाटीत सेल्युलोज सुमारे ४०० किलो. शिजविणे, धुणे, विरंजन यांत घट जाऊन ३०० किलो हाती येईल असे धरू. आम्लाच्या रीतीने याहून कमीच येईल. ३०० किलो द्रव्य दहा लाख चौरस मीटर, म्हणजेच शंभर हेक्टर कागदावर पसरेल. एका टन पऱ्हाटीत शंभर हेक्टर कागद!

कपाशीच्या एका हेक्टरातून पऱ्हाटी साधारणतः २ ते ३ टन निघते. ज्या गावी हजार एकर, म्हणजे सुमारे ४०० हेक्टर कपाशी आहे, तेथे सरासरी अडीच टनांप्रमाणे एक हजार टन पऱ्हाटी झाली. तिच्यातून ३०० टन नॅनोसेल्युलोज निघेल, आणि ते शंभर कोटी चौरस मीटर कागदास पुरेल. चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा कागद धरला तर हा कागद एक लाख टन भरतो. एका गावच्या पऱ्हाटीत एक लाख टन कागदाचा लेप बळकट होतो, तर सबंध तालुक्याची पऱ्हाटी घेऊन तो कारखाना काय करणार होता?

परदेशांतील कारखान्यांशी ताडून पाहू. कॅनडात क्वेबेक प्रांतातील विंडसर येथे २०१२ साली निघालेला कारखाना दिवसास एक टन क्षमतेचा होता. जपानमध्ये इशिनोमाकी येथे २०१७ साली निघालेल्या कारखान्याची क्षमता वर्षास ५०० टनांची होती. म्हणजे आमच्या कल्पिलेल्या एका गावची पऱ्हाटी कॅनडातील तो कारखाना जवळजवळ वर्षभर चालवू शकली असती. माटुंग्याच्या प्रायोगिक कारखान्याच्या मापाने पाहिले, तर पाळीस १० किलो द्रव्य म्हणजे पऱ्हाटीच्या हिशेबाने तेहतीस-चौतीस किलो काड्या; एक बंडी भरून नेली तर आठ-दहा पाळ्या पुरेल.

यावरून निष्पन्न काय? हे द्रव्य फार थोड्या प्रमाणात फार मोठे काम करते. त्याचा हा जो गुण तोच शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची मर्यादा होय. जी वस्तू चिमूटभर पुरते तिच्यासाठी कच्चा माल गाडीगाडीने विकला जात नाही. पऱ्हाटीत जे मोल आहे ते काडीत नसून काडी उकलण्याच्या कृतीत आहे. आणि ती कृती यंत्र, वीज, पाणी व विद्या ज्याच्यापाशी आहेत त्याच्या हाती राहते. शिवाय आपल्या पऱ्हाटीस प्रतिस्पर्धी पुष्कळ. सरकीवरील आखूड लव जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे आणि ती तेलघाणीच्या दारी आयती गोळा होते. उसाचे चिपाडही साखर कारखान्यात एका जागी पडते. मात्र त्यातील बरेच तेथेच बॉयलरखाली जळते. पऱ्हाटी मात्र शेतोशेती उपटून, बांधून, वाहून आणावी लागते. तिची मजुरी व भाडे हाच मोठा खर्च.

आपण काय करावे?

येथे कोणी असे म्हणेल की, मग पऱ्हाटी जाळावी हेच बरे. तसे मुळीच नव्हे. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवल्यास किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात तीच पिकावर उतरते. जाळल्यास काडीतील सेंद्रिय द्रव्य धुरात जाते. हंगाम संपताच पऱ्हाटी काढून, यंत्राने बारीक करून जमिनीत गाडणे किंवा कंपोस्ट करणे हे आजचे सर्वांत निर्धोक काम आहे. तिच्यापासून जळणाच्या विटा व भुशाच्या फळ्याही होतात. या वस्तूंस कच्चा माल चिमूटभर लागत नाही, टनावारी लागतो. म्हणून पऱ्हाटीस खरे गिऱ्हाईक मिळाले तर प्रथम येथे मिळेल. संघाने आधी गोळा करण्याची व बारीक करण्याची सोय उभी केली, तर विटांस माल जाईलच, आणि उद्या एखादी कागदगिरणी स्वच्छ तुकडे मागू लागली तर तिलाही देता येईल. उलट, नॅनोसेल्युलोजच्या आशेवर यंत्रे मांडून बसणे म्हणजे पाऊस पडण्याआधी पेरा उरकण्यासारखे होईल.

फळबागवाल्यांनी मात्र या द्रव्याकडे गिऱ्हाईक या नात्याने लक्ष ठेवावे. उद्या बळकट लेपाच्या पेट्या बाजारात आल्या, तर शीतगृहात थप्पी न बसल्याने जो माल वाचेल तो आपलाच. अशी पेटी विकावयास येणाऱ्यास तिचे कोरड्या हवेतील बळ न विचारता दमट हवेतील बळ विचारावे, आणि शंभर पेट्या स्वतःच्या मालावर अनुभवल्याशिवाय मोठी मागणी नोंदवू नये.

आणि जो कोणी पऱ्हाटीसाठी अनामत मागावयास येईल त्यास तीन प्रश्न करावेत. पहिला, तुमचा कारखाना दिवसास किती किलो द्रव्य काढतो, आणि त्यास पऱ्हाटी किती लागते? दुसरा, ते द्रव्य कोणती कागदगिरणी घेते, तिचे लेखी पत्र दाखवा. तिसरा, धुवणाचे पाणी कोठे सोडणार? विक्रीस माल देणाऱ्याने अनामत भरावी ही रीत कोणत्या बाजारपेठेतली, हेही जमल्यास विचारावे. मी हे प्रश्न विचारले नाहीत, म्हणून ती पावती आजही माझ्या पेटीत पडून आहे. गावातील ज्या दहा जणांनी माझे पाहून पैसे भरले त्यांस तोंड दाखविताना अजूनही संकोच वाटतो. पंधराशे-दोन हजार ही त्यांतील कित्येकांची आठवड्याची मजुरी होती. हा हिशेब वाचून दुसऱ्या गावच्या दहा जणांचे पैसे वाचले, तर माझ्या खात्यावरील ती बाकी थोडी तरी वळती झाली असे मी समजेन.